विरघळणे आणि विचरण : सेवाग्रामच्या शिक्षणविचाराच्या संदर्भात एक परिभाषाविचार

१

वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षणपरिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तिने त्याच वर्षाच्या डिसेंबरात सादर केलेल्या अहवालात सात वर्षांच्या मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा मांडला. शिक्षण मातृभाषेतून व्हावे आणि ते एखाद्या उद्योगाभोवती गुंफलेले असावे, ही त्या आराखड्याची दोन प्रमुख सूत्रे. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थानी तालीमी संघाने सेवाग्रामला ती प्रत्यक्षात आणली. या आराखड्यातील सामान्य विज्ञानाच्या भागाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. हवा आणि पाणी यांच्या जोडीला आम्ले, अल्के आणि क्षार यांचे रसायनही तेथे विद्यार्थ्याच्या वाट्याला दिलेले आहे. म्हणजे मीठ पाण्यात टाकल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न सेवाग्रामच्या शिक्षणविचारात आरंभापासूनच अध्याहृत होता. आणि त्याचे उत्तर मराठी मुलाला मराठीतच मिळावे, हेही ओघानेच आले.

हे उत्तर मराठीत देणे दिसते तितके सोपे नाही. मराठीत त्यासाठी शब्द नाहीत, असे मात्र मुळीच नाही. साखर दुधात विरघळते, तूप आचेवर वितळते, मीठ लोणच्यात मुरते. या तीन क्रियापदांत घराघरांतून जपलेले निरीक्षण साठलेले आहे. वितळण्याला उष्णता लागते, विरघळण्याला द्रव लागतो आणि मुरण्याला अवधी लागतो, हे भेद कोणत्याही शाळेत न गेलेली गृहिणीही अचूक पाळते. अडचण येते ती याच्या पुढच्या पायरीवर. मीठ विरघळले, इतके म्हणून झाल्यावर त्याचे आत काय झाले हे सांगावयाचे असते, आणि तेथे बोलीतला शब्द थांबून पारिभाषिक शब्द सुरू होतो. हा पारिभाषिक शब्द ज्या क्रियेचे नाव म्हणून वापरला जातो ती क्रिया तो खरोखर सांगतो की दुसरीच एखादी सांगतो, याची तपासणी करणे हे प्रस्तुत विवेचनाचे प्रयोजन होय.

२

वर्गात वारंवार ऐकू येणारे एक वाक्य या तपासणीचा आरंभबिंदू म्हणून घेता येईल : मीठ पाण्यात विरघळले म्हणजे त्याचे रेणू फुटतात आणि सोडियम व क्लोराइड यांचे आयन तयार होतात. वाक्य सुटसुटीत आहे आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतात. तथापि त्यात दोन विधाने दडलेली आहेत. घन मिठात सोडियम क्लोराइडचे रेणू असतात, हे पहिले. आणि आयनांची निर्मिती पाण्यामुळे होते, हे दुसरे. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. ती आली कोठून, हे पाहण्यासाठी कल्पनेचा इतिहास थोडक्यात पाहावा लागतो.

'आयन' हा शब्द मायकेल फॅरडे याने १८३४ मध्ये विल्यम ह्यूएल याच्या साह्याने योजला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'जाणारा' असा आहे. द्रावात विजेचा प्रवाह सोडला असता जे एका किंवा दुसऱ्या अग्राकडे जाते ते आयन, अशी ही कल्पना होती. आयन विजेमुळे निर्माण होतात, हे तिच्यात गृहीत होते. स्वान्ते अर्‍हेनियस याने १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला सादर केलेल्या आणि परीक्षकांनी कनिष्ठ श्रेणीत टाकलेल्या प्रबंधातून ज्या विचाराला आरंभ झाला, तो १८८७ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. वीज नसतानाही, केवळ विरघळण्यानेच, द्रवात आयन सुटे होतात, हा त्याचा गाभा. याला आधार केवळ वाहकतेचा नव्हता. एक किलोग्रॅम पाण्यात साखरेचा एक दशांश मोल विरघळवला तर गोठणबिंदू सुमारे ०.१९ अंश सेल्सिअसने उतरतो. मिठाचा तेवढाच अंश सुमारे ०.३५ अंशाने उतरवतो. गोठणबिंदूची उतरण पाण्यातील कणांच्या संख्येवर अवलंबून असते. मिठाच्या बाबतीत कणांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली, असा याचा अर्थ. व्हान्ट हॉफ याला जो अपवाद वाटला होता, त्याचा उलगडा अर्‍हेनियसच्या उपपत्तीने झाला आणि १९०३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु अर्‍हेनियसच्या चित्रात मिठाचा रेणू हजर होता. रेणूंपैकी काही अंश फुटतो, उरलेला अखंड राहतो, आणि द्राव जसजसा विरल होतो तसतसा फुटलेला अंश वाढत जातो, असे तो मानत होता. ०.३५ हा आकडा ०.१९ च्या बरोबर दुप्पट का नाही, याचे उत्तर त्याने याच अखंड रेणूंत शोधले. १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साह्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली, तेव्हा या चित्राचा पायाच निखळला. स्फटिकात कोणत्याही एका सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि कोणत्याही एका क्लोरीनभोवती सहा सोडियम असतात. अमुक सोडियम अमुक क्लोरीनचा, अशी जोडी तेथे दाखविता येत नाही. जेथे जोडी नाही तेथे रेणू नाही, आणि जेथे रेणू नाही तेथे तो फुटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हे पचविणे नामांकित रसायनशास्त्रज्ञांनाही जड गेले. हेन्री आर्मस्ट्राँग याने १९२७ मध्ये 'नेचर' नियतकालिकात पत्र लिहून, मिठाला रेणू नाकारणाऱ्या या बुद्धिबळाच्या पटासारख्या रचनेचा उपहास केला होता. वर्गातले ते सुटसुटीत वाक्य आजही नकळत आर्मस्ट्राँगच्याच बाजूने साक्ष देते.

या वाटचालीत एका भारतीय संशोधकाचे स्थान मराठी ग्रंथांतून क्वचितच सांगितले जाते. ज्ञानचंद्र घोष यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांत मिठासारखे पदार्थ पाण्यात संपूर्णपणे आयनरूपातच असतात, असे गृहीत धरले आणि द्रावाच्या वर्तनातील विचलनाचे कारण आयनांच्या परस्पर आकर्षणात शोधले. द्रावातही आयनांची मांडणी स्फटिकासारखी असते, हे त्यांचे दुसरे गृहीत टिकले नाही. १९२३ मध्ये डिबाय व ह्यूकेल यांनी प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराचे एक विरळ वातावरण कल्पून अधिक समर्थ उपपत्ती मांडली आणि तीच मान्य झाली. परंतु अपुरे विचलन म्हणजे अपुरे फुटणे नव्हे, हा मुद्दा घोष यांनी त्यापूर्वी पाच वर्षे मांडला होता, याची नोंद अभ्यासकाने घेतली पाहिजे.

तेव्हा आजच्या ज्ञानाप्रमाणे घडते ते असे. मिठाच्या खड्यात आयन आधीपासूनच असतात; फक्त जागच्या जागी खिळलेले असतात. याचे प्रमाण असे की, पाण्याचा थेंबही न लावता मीठ सुमारे ८०१ अंश सेल्सिअसला वितळविले तरी ते वीज वाहून नेते. पाणी आयन निर्माण करीत नाही; ते त्यांना एकमेकांपासून अलग करते. पाण्यात दोन प्रभारांमधील आकर्षण निर्वातातील आकर्षणाच्या सुमारे ऐंशीव्या भागाइतके उरते, आणि पाण्याचे रेणू आपले ऋण टोक सोडियमकडे व धन टोक क्लोराइडकडे वळवून प्रत्येक आयनाभोवती वेष्टन घालतात. ५८.५ ग्रॅम मिठाचे आयन एकमेकांपासून पूर्ण दूर नेण्यास सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा लागते. पाण्याच्या या वेष्टनाने तीतील जवळजवळ सर्व परत मिळते आणि तूट राहते ती अवघ्या ४ किलोज्यूलची. मीठ विरघळताना पाणी किंचित गार होते ते या तुटीमुळे. क्रिया एवढी सौम्य असताना तिला 'फुटणे' म्हणणे हे तिच्या स्वरूपाशी विसंगत होय.

३

आता शब्दांकडे वळता येईल. मराठीत या प्रदेशातील संज्ञा एका हाताने घडलेल्या नाहीत. मराठी विश्वकोशाने 'विद्युत् विच्छेदन' ही संज्ञा स्वीकारली, तर शालेय पाठ्यपुस्तकांत 'विद्युत अपघटन' रूढ झाले. दोन्ही शब्द फॅरडेच्या मूळ शब्दाचे इमानी अनुवाद आहेत, आणि विजेने पदार्थाचे घटक वेगळे करण्याच्या क्रियेला ते शोभूनही दिसतात. मिठाच्या द्रावातून वीज सोडून क्लोरीन मिळविला, तर तेथे विच्छेद खरोखरच होतो. दोष उत्पन्न होतो तो याच धातूपासून मीठ, पोटॅशियम नायट्रेट इत्यादी पदार्थांना 'विद्युत् विच्छेद्य' असे विशेषण जोडले जाते तेव्हा. जो पदार्थ विजेची वाट न पाहता विरघळताच सुटा होतो, त्याची ओळख 'विजेने तुटणारा' अशी करून दिली जाते. अर्‍हेनियसने फॅरडेच्या कल्पनेत केलेली दुरुस्ती शब्दापर्यंत पोहोचलेलीच नाही. हा दोष मूळ युरोपीय संज्ञेतही आहे, हे मान्य. परंतु तेथे ग्रीक धातूचा अर्थ सामान्य वाचकाला ऐकू येत नाही, तर 'विच्छेद' मराठी कानाला लगेच ऐकू येतो. पारदर्शक परिभाषेचा हा गुणही आहे आणि धोकाही.

'आयनीभवन' या शब्दात दुसरी अडचण आहे. '-भवन' म्हणजे पूर्वी नव्हते ते होणे. हायड्रोजन क्लोराइड हा वायू सहसंयुज रेणूंचा बनलेला आहे. तो पाण्यात गेला म्हणजे पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन जे आयन नव्हते ते होतात. टोल्युइनसारख्या द्रवात तोच वायू विरघळला तरी वीज वाहत नाही. येथे 'आयनीभवन' हा शब्द नेमका बसतो. मिठाला तो लावला की पाण्यामुळे आयन निर्माण झाले, हा जुना समज पुन्हा आत शिरतो.

मिठासाठी शालेय पुस्तकांत जो 'विचरण' शब्द आला आहे, त्याला वर्गात बहुधा विघटनाचा एक जड पर्याय समजले जाते. वस्तुतः या सर्व संज्ञांत तोच सर्वांत मार्मिक आहे. विचरण म्हणजे संचार, मोकळेपणाने हिंडणे. खड्यात आयन होते, पण हिंडत नव्हते. पाण्यात ते हिंडू लागले. घटनेतील नवी गोष्ट एवढीच आहे आणि शब्द तेवढेच सांगतो. शिवाय फॅरडेच्या 'जाणारा' या मूळ अर्थाशी त्याची सहज गाठ पडते : जो जाणारा, त्याचे विचरण. ही गाठ योजकाच्या मनात असो वा नसो, अध्यापकाने तिचा उपयोग करून घेतला पाहिजे. शब्दाची उणीव सांगावयाची तर ती एवढीच की, अलग होण्याचा अर्थ त्यात ध्वनित आहे, उच्चारलेला नाही.

यापेक्षा मोठा गोंधळ 'क्षार' या शब्दाने माजविला आहे, आणि वर्धा जिल्ह्यात तो विशेष जाणवण्याजोगा आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगाने क्षार होतो. हिंदी पाठ्यपुस्तकांत याच पदार्थाला 'लवण' म्हणतात आणि 'क्षार' हे नाव अल्काला, म्हणजे आम्लाच्या प्रतिपक्षाला मिळते. मराठी विश्वकोश 'लवण' आणि 'क्षारक' या बाजूचा आहे. म्हणजे मराठीच्या अंतर्गतही एकवाक्यता नाही. वर्धा १९५६ पर्यंत हिंदी व मराठी या दोन्ही भाषांच्या प्रांतात होते. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून येथेच आहे, आणि नागपुरात राहून डॉ. रघुवीर यांनी सोडियमला 'क्षारातु' हे नाव दिले तेही याच परिसरात. 'क्षारातु' मध्ये क्षार म्हणजे अल्क. तोच शब्द मराठी विद्यार्थ्याने वाचला तर त्याला 'मिठाचा धातू' असा अर्थ लागेल. दोन्ही भाषांतील पुस्तके हाताळणाऱ्या विद्यार्थ्याला एकच शब्द एका पानावर तटस्थ पदार्थ दाखवितो आणि दुसऱ्या पानावर दाहक पदार्थ. पाण्यात क्षाराचे विचरण होते, हे वाक्य दोन्ही अर्थांनी बरोबर ठरते, आणि म्हणूनच गोंधळ उघडकीस येत नाही.

४

ही सर्व चर्चा केवळ शब्दांची कुरकुर आहे, असा आक्षेप येणे शक्य आहे. नई तालीमच्या समवाय पद्धतीचा कैवारी म्हणेल की, मुलाला स्वयंपाकघरात मीठ विरघळवू द्यावे, उन्हात पाणी आटवून ते परत मिळवू द्यावे. अनुभव शब्दाची दुरुस्ती आपोआप करील. या आक्षेपात तथ्य आहे, पण मर्यादित. पाणी आटवून मीठ परत मिळते हा अनुभव खरा. परंतु त्यावरून मूल जे अनुमान काढील ते असे की, मीठ पाण्यात मीठ म्हणूनच दडून बसले होते. हात आणि जीभ यांची साक्ष येथे दिशाभूल करते.

ती दूर करावयाची तर अनुभव वेगळ्या रीतीने रचावा लागतो. एका भांड्यात मीठ आणि पोटॅशियम नायट्रेट समप्रमाणात विरघळवावे, दुसऱ्यात पोटॅशियम क्लोराइड आणि सोडियम नायट्रेट तेवढ्याच प्रमाणात. पाणीही सारखेच घ्यावे. दोन्ही द्राव एकच असतात. कोणते पदार्थ टाकले होते, हे कोणत्याही कसोटीने नंतर ओळखता येत नाही, कारण पाण्यात चार पदार्थ कधी नव्हतेच. दोन्हीकडे तेच चार आयन आहेत. शोरा तयार करण्याची एक जुनी औद्योगिक रीत याच अदलाबदलीवर उभी आहे : सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम क्लोराइड विरघळवून उष्ण द्रावातून मीठ आणि निवत्या द्रावातून शोरा काढून घेतला जातो. समवायाला अनुरूप असा हा उद्योग आहे. फक्त त्याला मार्गदर्शक शब्द हवा.

शब्दाची किंमत किती, हे सेवाग्राममध्येच दुसऱ्या एका दाराने दिसते. १९६९ मध्ये तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. कोणत्याही रुग्णालयात शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या सलाइनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. ५ टक्के ग्लुकोजच्या द्रावात लिटरमागे ५० ग्रॅम ग्लुकोज. वजनांत पाचपटीहून अधिक अंतर असताना दोन्ही द्राव रक्ताशी जवळजवळ समतोल का असतात? ग्लुकोजचे ५० ग्रॅम म्हणजे सुमारे २७८ मिलिमोल आणि कणही तेवढेच. मिठाचे ९ ग्रॅम म्हणजे अवघे १५४ मिलिमोल. पण त्यांचे कण ३०८. रक्तपेशी पदार्थाचे नाव जाणत नाही, ती कण मोजते. मिठाला रेणू मानणारा विद्यार्थी हा हिशेब पाठ करू शकेल, समजू शकणार नाही.

अतिसारात तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या जलसंजीवनीत तर हा विचार अधिकच स्पष्ट होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये पुरस्कारलेल्या सूत्रात लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज असते. पुडीवरचे हे चार पदार्थ पाण्यात गेल्यावर वैद्य त्यांचा विचार पदार्थ म्हणून करीतच नाही. सोडियम ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १० आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल, एकूण २४५, असा त्याचा हिशेब असतो. यातील सोडियम दोन पदार्थांतून येतो, क्लोराइडही दोन पदार्थांतून येतो. आणि एकदा पाण्यात गेल्यावर कोणता सोडियम कोणाचा, हा प्रश्न निरर्थक होतो. ब्रॅग पितापुत्रांनी स्फटिकाविषयी जे सांगितले तेच येथे द्रावाविषयी खरे ठरते. ज्या आईला ही पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवण्यास सांगितले जाते, तिला आयन हा शब्द ठाऊक असण्याची गरज नाही; परंतु तिला ते का सांगावे लागते, हे सांगणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे.

५

येथे दुसऱ्या टोकाची अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. 'विचरण' शब्द स्वीकारला म्हणजे आयन पूर्णतः स्वतंत्र झाले, असे समजणे योग्य नव्हे. सलाइनमधील कणांची गणिती बेरीज ३०८ असली तरी मोजून येणारा आकडा सुमारे २८६ असतो; कारण विरुद्ध प्रभारांचे आयन एकमेकांच्या ओढीतून सर्वस्वी सुटत नाहीत. मॅग्नेशियम सल्फेटसारख्या पदार्थात तर आयनांच्या जोड्याच बऱ्याच प्रमाणात टिकून राहतात. अशा जोड्यांची उपपत्ती नील्स ब्येरूम याने १९२६ मध्ये मांडली. आणि सिल्व्हर क्लोराइड आयनांचेच बनलेले असूनही पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून आयनिक असणे आणि विद्राव्य असणे यांतही भेद केला पाहिजे. विचरण हा संचार आहे, पण तो शेजाऱ्यांच्या ओढीखालचा संचार आहे. विद्यार्थ्याला हे सांगण्यासाठी नवा शब्द घडविण्याची आवश्यकता नाही. आहे तोच शब्द काळजीपूर्वक उलगडून सांगणे पुरेसे आहे.

निष्कर्ष म्हणून तीन गोष्टी मांडता येतात. मिठासारख्या पदार्थांसाठी 'विचरण' आणि हायड्रोजन क्लोराइडसारख्यांसाठी 'आयनीभवन', असा भेद मराठीत उपलब्ध आहे. तो काटेकोरपणे पाळला जावा. 'विच्छेदन' आणि 'अपघटन' हे शब्द विजेने घडणाऱ्या प्रत्यक्ष बदलापुरते राखावेत, आणि 'विद्युत् विच्छेद्य' या विशेषणाची जागा 'विचरणशील' यासारख्या शब्दाला द्यावी. 'क्षार' शब्दाचा मराठी अर्थ सोडण्याचे कारण नाही. परंतु ज्या जिल्ह्यात दोन्ही भाषांची पुस्तके एका बाकावर असतात, तेथे दोन्ही अर्थ एकदा शेजारी ठेवून शिकविले पाहिजेत.

१९३७ च्या समितीने मातृभाषेचा आग्रह धरला तो मूल जे बोलते त्यातूनच त्याचे ज्ञान उगवावे म्हणून. ही अपेक्षा शब्द मराठी असण्याने आपोआप पूर्ण होत नाही. 'मीठ फुटते' हे वाक्य शुद्ध मराठी आहे आणि विज्ञान म्हणून अशुद्ध आहे. 'आयनांचे विचरण होते' हे वाक्य कानाला परके वाटते, पण त्यात मराठीचा धातू आणि घटनेचे सत्य एकत्र आले आहेत. स्वयंपाकघरातल्या मिठापासून सलाइनच्या बाटलीपर्यंत एकाच शब्दाने नेता येईल असा हा मार्ग मराठीत तयार आहे. त्यावरून विद्यार्थ्याला नेणे एवढेच अध्यापकाचे काम उरते.